रोह्याचा माग

वाळूत रक्त शोधत चालणाऱ्या माणसाची मान सतत खाली असते. ताजा थेंब लाल दिसतो, अर्ध्या तासाने तपकिरी होतो, आणि वाळूत मुरला की रंग जाऊन नुसता एक खडा उरतो, वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला. तो बोटांत धरून चुरला की आतून ओलसर लाली निघते. हे मी २०२२ च्या फेब्रुवारीत दक्षिण टेक्सासमधल्या एका रँचवर शिकलो, कारण त्या सकाळी मी झाडलेली गोळी जिथे लागायला हवी होती तिथे लागली नव्हती. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुठेही लिहिलेले नाही. घरीसुद्धा अर्धेच सांगितले.

मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला. आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात. हरभरा घाट्यांवर आला की रोह्यांचे कळप रात्री शेतात उतरायचे, आणि बाबा जागलीला निघाले की मी हट्ट करून त्यांच्याबरोबर जायचो. बांधावरच्या मचाणावर घोंगडी पांघरून बसायचे, आणि काळोखात हरभऱ्याची पाने सळसळली की पत्र्याचा डबा बडवायचा, एवढेच आमचे शस्त्र. चांदण्या रात्री नर दिसायचा तेव्हा तो जनावर न वाटता एखादी सावली उभी असावी असा वाटे. पुढून उंच, मागून उतरता, गळ्यावर पांढरा डाग, त्याखाली लोंबणारा केसांचा झुपका आणि पायांत पांढरी कडी. डब्याचा आवाज आला की तो चार ढांगांत नाल्यापलीकडे जाई, आणि सकाळी बाबा तुडवलेल्या ओळींत उकिडवे बसून किती गेले याचा अंदाज घेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी होतीच, पण नावात गाय असल्यामुळे बाबांच्या मनातही त्याला मारण्याचा विचार कधी आल्याचे मला आठवत नाही.

म्हणून सॅन अँटोनिओतल्या आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत फोनवर फोटो दाखवला आणि मी क्षणात ते जनावर ओळखले, तेव्हा मला जे वाटले ते परक्या गावात आपल्या तालुक्याची एसटी दिसावी तसे होते. टेक्सासात रोही आहेत हे मला एकोणीस वर्षे तिथे राहूनही माहीत नव्हते. १९२० आणि १९३० च्या दशकांत किंग रँच या अवाढव्य रँचने सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून काही नीलगायी घेतल्या आणि आपल्या कुरणात सोडल्या. १८५३ साली सुरू झालेल्या या रँचची जमीन आजही सव्वाआठ लाख एकर आहे. समुद्राकडच्या त्या सपाट, उष्ण, झुडपी मुलखात नीलगायींना वाघ नव्हता, चारा होता, आणि आज तिथे त्या हजारोंच्या संख्येने आहेत. त्या मूळच्या तिथल्या नाहीत, म्हणून राज्याच्या नियमांत त्यांना हरणासारखा शिकारीचा ठरावीक हंगाम नाही आणि किती माराव्यात याची मर्यादाही नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती एवढे पुरते.

तिथे गेल्यावर मला कळले की झाडांचा व्यवहारही असाच झालेला आहे. आपल्याकडे माळरान गिळत चाललेली वेडी बाभूळ आणि कुंपणाचा फड्या निवडुंग ही दोन्ही मूळची अमेरिकेची. त्या रँचवर वेड्या बाभळीची सख्खी बहीण असलेले मेस्कीट आणि निवडुंगाची बेटे क्षितिजापर्यंत होती, खाली आपल्या अंजन गवताचीच जात पिवळी पडून वाऱ्यावर हलत होती, आणि त्यातून रोही चालला होता. पहिल्या दिवशी संध्याकाळी ट्रकच्या टपावरून हे पाहिले तेव्हा डोळे भरून आले, हे मी लपवत नाही. बाबांना दाखवावे म्हणून व्हिडिओही काढला.

रँचच्या मालकाला मात्र ते जनावर नको होते, आणि त्याचे कारण गोचीड होते. रिओ ग्रांदे नदीच्या काठाने डेल रिओपासून ब्राउन्सव्हिलपर्यंत एक कायमचा विलग पट्टा आखलेला आहे. मेक्सिकोतून भटकत आलेल्या गुरांबरोबर गोचीड ताप देशात पसरू नये म्हणून तिथे सरकारी माणसे घोड्यांवरून गस्त घालतात. हे काम १९०६ पासून चालू आहे. गाय कुंपणाला अडते, रोही तारेखालून सरपटत निघून जातो आणि अंगावरची गोचीड पलीकडच्या कुरणात नेतो. शिवाय त्या गोचिडीची एक जात मूळची आशियातली, म्हणजे जनावर आणि त्याचा उपद्रव दोन्ही आमच्याच बाजूचे. मालकाने हे हसून सांगितले, मी भारतीय आहे हे लक्षात ठेवून, आणि मादी मारणार असाल तर फार थोडे पैसे घेईन असेही सांगितले. नराचे दर काही हजार डॉलर असतात. मी मादी मारणार होतो.

मी का मारणार होतो, हे मला नीट सांगता येत नाही. परवान्यासाठीचा शिकारीचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला होता, मैदानावर निशाणेबाजीचा सरावही केला होता, आणि सहकारी दोन वर्षे आग्रह करत होता. पण खोलवर कुठेतरी तुडवलेल्या हरभऱ्यात बसलेले बाबा होते. बाबांना जे करता आले नाही ते मला इथे कायद्याने करता येणार आहे, या विचारात एक समाधान होते, आणि ते समाधान मला तेव्हा चांगले वाटले होते.

ही जागा कुठे आहे ते नीट सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्या जागेमुळे घडले. सॅन अँटोनिओहून २८१ क्रमांकाच्या महामार्गाने सरळ दक्षिणेला अडीच तास गेले की ब्रुक्स काउंटीतले फॅलफ्युरियस हे गाव येते. संपूर्ण काउंटीची लोकसंख्या सातेक हजार. गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर महामार्गावरच सीमा गस्ती दलाचा तपासणी नाका आहे. प्रत्यक्ष सीमा त्याच्याही खाली शंभरेक किलोमीटरवर, पण ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्यासाठी खरी सीमा या नाक्यापाशी आहे. नदी ओलांडून आलेल्या माणसांना दलाल गाडीने नाक्याच्या अलीकडे आणतात, रस्त्याच्या कडेला उतरवतात, आणि तिथून रँचांच्या कुंपणांमधून नाक्याला वळसा घालून पलीकडे चालत नेतात. कागदावर हे अंतर फार नाही. पण तो सगळा मुलूख जुन्या वाऱ्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा आहे, पाऊल घोट्यापर्यंत रुतते, डोंगर नाही, नदी नाही, दिशा धरायला काही नाही, ओक झाडांची एक राई दुसरीसारखीच दिसते. दोन दिवसांची वाट चार दिवसांची होते. जो मागे पडतो त्याला सोडून पुढे जायचे, हा दलालांचा रिवाज आहे.

२०१२ या एका वर्षात या काउंटीत १२९ मृतदेह सापडले. सापडले म्हणजे कुणाच्या तरी नजरेला पडले, एवढाच त्याचा अर्थ. टेक्सासमधली ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे, रँचवर मालक, गुराखी आणि शिकारी यांच्याखेरीज कुणी फिरत नाही, आणि म्हणून मृतदेह पुष्कळदा शिकाऱ्यांनाच सापडतात. अनेकांना गावातल्या सेक्रेड हार्ट दफनभूमीत नावाविना पुरले गेले. २०१३ पासून मानववंशशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी तिथे उत्खनन करून सांगाड्यांची ओळख पटवण्याचे काम करू लागले, तेव्हा काही खड्ड्यांत एकाहून अधिक माणसे निघाली. टेक्सास स्टेट विद्यापीठात हे ओळख पटवण्याचे काम अजून चालू आहे. १९९४ मध्ये सीमा गस्ती दलाने जे धोरण आखले त्याचा गाभाच असा होता की शहरांजवळच्या सोप्या वाटा बंद केल्या की लोक दुर्गम मुलखाकडे वळतील आणि तिथल्या खडतरपणाला भिऊन यायचे थांबतील. ते थांबले नाहीत, वळले मात्र नक्की.

यातले मला तिथे जाण्यापूर्वी जेमतेम काही ठाऊक होते. वर्तमानपत्रात वाचले होते, आणि वाचून पान उलटले होते.

आमचे गाईड साठीच्या पुढचे होते. त्यांच्या चार पिढ्या त्याच भागातल्या रँचांवर गुरे राखण्यात गेल्या होत्या, आणि घरात ते स्पॅनिशच बोलत. पहिल्या रात्री जेवणानंतर त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि पाण्याच्या हौदाजवळ झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचे कार्ड त्यात घातले. काही हलले की फोटो काढणारा तो कॅमेरा, रात्री उजेड न पाडता राखाडी फोटो काढतो. आम्ही तिघे वाकून पाहत होतो. रानडुकरे, एक कोल्हा, मग १ वाजून ५२ मिनिटांनी चार माद्या आणि एक नर, पाण्यावर माना झुकवलेल्या, डोळे दोन पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकणारे. गाईड म्हणाले, “हाच कळप. उद्या इथेच बसायचं.” आणि त्यांनी पुढचे बटण दाबले.

३ वाजून १७ मिनिटे. एकामागे एक सात माणसे. पहिल्याच्या हातात काळी प्लास्टिकची पाण्याची कॅन होती. चांदण्यात पांढरी कॅन चमकते, म्हणून काळी विकत घेतात. दोघे हौदात ओंजळ घालत होते. जनावरांचे डोळे त्या कॅमेऱ्यात चमकतात, माणसांचे चमकत नाहीत, त्यामुळे चेहऱ्यांच्या जागी नुसत्या राखाडी वाट्या दिसत होत्या. गाईडनी लगेच पुढचे बटण दाबले. ३ वाजून २१ मिनिटे, एकच माणूस, फ्रेमच्या डाव्या कडेला, अर्धा बाहेर. त्याचे शरीर एका बाजूला कलले होते. पुन्हा बटण. ४ वाजून ४० मिनिटे, कोल्हा.

“हे रोजचं आहे,” गाईड म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि टाळाटाळही नव्हती. कुंपणे तोडली जातात म्हणून मालकाने काही ठिकाणी शिड्या लावून दिल्या आहेत, हौदाचा नळ मोडू नये म्हणून वेगळी तोटी बसवली आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांना स्वतःला आजवर किती मृतदेह सापडले असे माझ्या सहकाऱ्याने विचारले, तेव्हा त्यांनी आकडा सांगितला नाही. एका हाताची बोटे पुरत नाहीत, एवढेच म्हणाले, आणि कॉफीचे कप विसळायला उठले. मी विचारू शकलो असतो की फोटो कालचा आहे की परवाचा. मी विचारले नाही. त्या रात्री उत्तरेकडून थंड वारा सुटला, तिकडे त्याला नॉर्दर म्हणतात, आणि तासाभरात जाकीट घालूनही दात वाजू लागले. पत्र्याच्या छपराखाली तीन गोधड्या घेऊन मी झोपलो, आणि मला झोप लागली.

सकाळी सव्वासात वाजता, झुडपे कापून काढलेल्या लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी आम्ही मचाणात बसलो होतो. तेही मचाणच, फक्त लाकडी भिंतींचे आणि खिडकीचे. माद्या आल्या. गाईडनी कानात सांगितले की या जनावराचे काळीज खाली आणि पुढे असते, खांद्याच्या सांध्यावर नेम धरा, मागे सरकू नका. मी दुर्बिणीतून पाहिले आणि मला पांढरी कडी दिसली, पायातली. त्या कड्यांवर माझी नजर थांबली. नंतर मी खांदा शोधला आणि चाप ओढला, पण मधल्या त्या क्षणात मादीने एक पाऊल पुढे टाकले होते. धप्प असा आवाज आला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. कळप फुटला. ती पाठ वाकवून झुडपात शिरली.

“मागे लागली,” गाईड म्हणाले. “पोटात.”

शिकारीच्या अभ्यासक्रमात एक गोष्ट पुनःपुन्हा शिकवतात, आणि गाईडनीही ती खाली उतरता उतरता सांगितली. जखमी जनावर सोडून परत फिरायचे नाही. कितीही वेळ लागो, अंधार पडो, पाऊस येवो, त्याचा माग काढायचा आणि त्याची यातना संपवायची. त्याला सोडून देणे हे शिकाऱ्याला काळिमा आहे. मला हा नियम तेव्हाही मनापासून पटला होता आणि आजही पटतो.

रोह्याचे कातडे इतके जाड असते की गोळीचे भोक आपोआप मिटते आणि रक्त बाहेर फारसे येत नाही. दहा पावलांवर एक थेंब, मग चाळीस पावले काहीच नाही. जिथे रक्त नव्हते तिथे गाईड खुराचा माग काढत होते. मादीचा खूर लांबट, टोकाला निमुळता, आणि जखमी असल्यामुळे मागच्या पायाची दोन्ही बोटे फाकलेली. त्यांनी मला गोळीची पुंगळी माझ्याच खिशातून काढायला लावली आणि खुराच्या ठशाशेजारी ठेवून फोटो घ्यायला सांगितला, म्हणजे दुसरे ठसे मिसळले तर मोजून ओळखता येईल. मी पंधरा-वीस फोटो काढले. माझे डोळे त्या कामाला इतके लागले की तासाभराने मला वाळूतला नवा ठसा आणि जुना ठसा कडांवरून कळू लागला. नव्याच्या कडा धारदार असतात, जुन्याच्या वाऱ्याने ढासळलेल्या. या कौशल्याचा मला अभिमान वाटू लागला होता.

दुसऱ्या तासाच्या शेवटी, ओकच्या एका राईजवळ, मादीच्या मागाला बुटाचा माग आडवा आला.

आम्ही तिघेही थांबलो. एकच माणूस. गाईड गुडघ्यावर बसले आणि जसे ते सकाळपासून खुराकडे पाहत होते तसेच त्या ठशाकडे पाहू लागले. “काल रात्रीचा,” ते म्हणाले. “वारा पडल्यानंतरचा, कडा बघा. उजवा पाय ओढतोय.” मग वीसेक पावले त्या दिशेने जाऊन ते परत आले. “आणि हा इथून एकदा आधीही गेलाय. गोल फिरतोय.” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हलले. त्यांनी फोन काढला, जिथे कळवायचे तिथे कळवले, उपग्रहावरून मिळणारे त्या जागेचे आकडे वाचून दाखवले. हे बोलणे मिनिटभरात संपले. मग त्यांनी आपल्या पाठपिशवीतली पाण्याची एक बाटली मेस्कीटच्या फांदीला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सुतळीने बांधली. माझ्या सहकाऱ्याने त्याच्याकडचा खाऊचा पुडा तिथे अडकवला.

गाईड माझ्याकडे वळले. शिकार माझी होती, म्हणून निर्णयही माझा होता, तसा तिथला शिष्टाचार आहे. “काय करायचं?” त्यांनी विचारले. “रक्त वाळतंय.”

मी म्हणालो, “चला.”

तो शब्द मी अनेकदा तपासून पाहिला आहे. मला कुणी घाई केली नव्हती. आम्ही तिघे होतो, आमच्याकडे पाणी होते, ट्रक होता, आणि त्या मुलखातला उत्तम मागकाढ्या माझ्या हुकमाची वाट पाहत उभा होता, जो ठसा पाहून पाय कोणता दुखतो ते सांगू शकत होता. मला सुचले नाही असेही नाही. त्या ठशाकडे पाहताना रात्रीचा फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला होता, फ्रेमच्या कडेला कललेला तो माणूस. पण माझ्या मनात एक काम आधीच चालू होते, त्या कामाला नियम होता, नियमाला प्रतिष्ठा होती, आणि दुसऱ्या कामासाठी मला कुणी कधी नियम शिकवला नव्हता. कळवले आहे, आता ज्यांचे काम ते करतील, असे मी स्वतःला सांगितले, आणि मादीच्या मागावर चालू लागलो.

आम्ही तिला दुपारी पाऊणच्या सुमाराला गाठले, म्हणजे गोळी लागल्यानंतर पाच तासांहून अधिक वेळाने. ती एका निवडुंगाच्या बेटाआड बसली होती, मान उभी, कान आमच्याकडे. तिच्या पाठीवर निवडुंगाची पिवळी फुले गळून पडली असती तर ती आमच्या नाल्याकाठची मादी वाटली असती, पण फुलांचा हंगाम अजून लांब होता. मी दुसरी गोळी नीट मारली. गाईडनी टोपी काढली. सोलणे, आतडी काढणे, मांसाचे तुकडे बर्फाच्या पेटीत रचणे यात दोन तास गेले, आणि त्या सबंध वेळात मी तीनचारदा वर आभाळात पाहिले. गिधाडे फिरत होती, पण ती आमच्याच डोक्यावर होती, आमच्या मादीसाठी. दुसरीकडे कुठे फिरताहेत का, हे मी पाहत होतो, आणि ते मी कुणाला बोलून दाखवले नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही त्या राईजवळून गेलो नाही. ट्रकची वाट वेगळी होती.

उत्तरेकडे जाताना नाका लागतोच. रांगेत सहा गाड्या होत्या. एक कुत्रा आमच्या ट्रकभोवती फिरला, मागच्या बर्फाच्या पेटीपाशी थोडा थांबला. गणवेशातल्या तरुणाने वाकून विचारले, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का. माझ्या सहकाऱ्याने हो म्हटले, मी हो म्हटले. माझा रंग, माझे नाव, माझे उच्चार यांच्यामुळे आणखी काही विचारतील असे मला वाटले होते आणि मी पासपोर्ट मांडीवर काढून ठेवला होता, पण त्याने तो पाहिलाही नाही. पेटीत काय आहे विचारले. नीलगाय, मी म्हणालो. तो हसला, म्हणाला, चवीला छान असते, आणि त्याने हात हलवला. मी घड्याळ पाहिले नव्हते, पण ते सगळे अर्ध्या मिनिटात झाले असेल. त्या अर्ध्या मिनिटाला वळसा घालण्यासाठी माणसे वाळूतून चार दिवस चालतात.

रविवारी बाबांना फोन केला. आधी व्हिडिओ पाठवला होता. ते खूश होते, गावात चारजणांना दाखवून झाला होता. मग मी शिकारीचे सांगितले, आणि ते गप्प झाले.

“कायले मारलं बाप्पा तिले?” ते म्हणाले. “तुह्या वावरात आली होती काय?”

मी विषय बदलावा म्हणून बुटाच्या मागाचे सांगितले, पाय ओढणाऱ्या माणसाचे. मला वाटले ते सीमेबद्दल विचारतील, कोण लोक, कुठून येतात. त्यांनी विचारले, “मंग? भेटला काय तो?”

मी म्हणालो, माहीत नाही. बराच वेळ तिकडून फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, आईशी बोल.

फॅलफ्युरियसमध्ये एडी कनालेस यांनी २०१३ मध्ये साउथ टेक्सास ह्यूमन राइट्स सेंटर सुरू केले. रँचमालकांची परवानगी घेऊन केंद्राचे स्वयंसेवक कुंपणांलगत पाण्याची निळी पिंपे ठेवतात, त्यांवर मोठ्या अक्षरांत आग्वा, म्हणजे स्पॅनिशमध्ये पाणी, असे लिहिलेले असते आणि लांबून दिसावे म्हणून उंच काठीवर झेंडा लावलेला असतो. जाताना महामार्गावरून मी असा एक झेंडा पाहिला होता आणि तो कुठल्या तरी रँचच्या हद्दीची खूण आहे असे समजलो होतो. हरवलेल्यांचा शोध घेणारी अशी आणखीही माणसे त्या भागात आहेत. त्यांच्यापैकी एका ठिकाणी मी त्या बुधवारी, म्हणजे चार दिवस उशिरा, फोन केला. फोन उचलणाऱ्या बाईंनी मला दोष दिला नाही. त्यांनी जागेचे आकडे घेतले, वेळ घेतली, आणि मग विचारले की ठसा कसा होता. बूट की सपाट चप्पल, तळव्याची नक्षी कशी, साधारण किती इंच, डावा आणि उजवा यांत काय फरक. नातेवाईक बहुधा बुटाचे वर्णन देतात, त्या म्हणाल्या, निघण्याआधी नवे घेतलेले असतात म्हणून त्यांना ते लक्षात राहतात.

मला मादीच्या खुराची लांबी आजही बोटांवर सांगता येते. मागच्या पायाची बोटे किती फाकली होती, रक्त डाव्या बाजूला पडत होते की उजव्या, सगळे सांगता येते. त्या ठशाची नक्षी मला आठवेना. मी त्याच्याकडे पाहिले होते, पण माग काढणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले नव्हते.

मग फोटोंची आठवण झाली. बाईंना थांबायला सांगून मी फोनमधले खुराचे फोटो एकेक करून मोठे करून पाहू लागलो. चौदाव्या फोटोत पुंगळी आहे, तिच्याशेजारी खूर आहे, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे दोन माग एकमेकांना ओलांडत होते तिथे, बुटाची टाच आली आहे. षटकोनी ठिपके, मधमाशांच्या पोळ्यासारखे, आणि बाहेरच्या बाजूने झिजून सपाट झालेला एक भाग. पुंगळीमुळे मापही काढता येत होते. मी तो फोटो पाठवला.

त्यांनी आभार मानले. थोड्या वेळाने त्यांचा संदेश आला. टाच उपयोगाची आहे, पण चवड्याकडचा भाग दिसेल असा फोटो असेल तर पाठवा, कंपनीची खूण तिथे असते.

मी सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा पाहिले. बाकी सगळे मादीच्या खुराचे होते.